जड कॅम्पर ओढण्यासाठी पिकअपचं मागचं सस्पेन्शन कसं भक्कम करावं

कॅम्पर, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, हिचवर (पिकअपच्या मागच्या जोडावर) टेकवला की पिकअपची मागची बाजू बसते, बॉनेट वर येतं आणि रात्री समोरचे गाडीवाले दिवे मारून मारून सांगायला लागतात. इथपर्यंत आलं की एअरबॅग (हवा भरून फुगवायच्या रबरी स्प्रिंग) किंवा जादा पाट्यांचा (लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचा) शोध सुरू होतो. पण मागची बाजू बसली ती उचलायची, एवढाच विचार केला तर काम अर्धवट राहतं. बसलेली मागची बाजू डोळ्यांना दिसते. पुढच्या चाकांवरचं वजन कमी झालेलं मात्र दिसत नाही, आणि खरा धोका तिथे असतो. स्टीअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर वळणात गाडी सरळ जायला बघते, आणि ब्रेक दाबल्यावर ज्या चाकांनी सगळ्यात जास्त काम करायचं त्यांचीच पकड घटलेली असते.

मागे कितीही ताकदीची स्प्रिंग घाला, गाडीची उंची परत येईल. पुढच्या अ‍ॅक्सलवरून गेलेलं वजन परत येणार नाही. ते परत आणायचं काम वजन वाटून देणाऱ्या हिचचं, म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं आहे. म्हणून या कामाचा क्रम असा: आधी वजन, मग हिच, आणि जेवढं उरेल तेवढ्यासाठीच स्प्रिंग.

वजन काट्यावर, अंदाजाने नाही

दाराच्या चौकटीवरचं स्टिकर आधी वाचा. गाडीचं कमाल एकूण वजन, मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा आणि बहुतेक गाड्यांत माणसं व सामान मिळून किती किलो चालतील तो आकडा, हे सगळं तिथे असतं. जाहिरातीत छापलेली ओढण्याची क्षमता यापुढे फारशी कामाची नाही, कारण बहुतेक पिकअपमध्ये ती क्षमता गाठण्याच्या कितीतरी आधी पेलोड, म्हणजे माणसं-सामानाचा हा आकडा, संपतं. बॉलवर, म्हणजे हिचच्या गोळ्यावर, ओढायच्या ट्रेलरचं 10 ते 15 टक्के वजन हिचवर यायला हवं. कॅम्पर भरून 3000 किलोचा असेल तर हा भार 300 ते 450 किलो झाला, आणि तो पूर्णपणे पेलोडमध्ये मोजायचा. स्टिकरवर 700 किलो लिहिलेत, हिचवर 400 आले, माणसं आणि हौद्यातलं सामान 300, आणि खुद्द हिचचं लोखंड 40: झाले 740 किलो. ही गाडी कोणतीही स्प्रिंग घातली तरी मर्यादेबाहेरच आहे. स्प्रिंग बदलल्याने अ‍ॅक्सलची नळी, बेअरिंग, ब्रेक, रिम आणि चासी बदलत नाहीत, त्यामुळे स्टिकरवरचे आकडेही बदलत नाहीत. ऑस्ट्रेलियासारख्या काही ठिकाणी प्रमाणित संच बसवून, तपासणी करून नोंदणीतली मर्यादा वाढवून घेता येते. ती स्वतंत्र प्रक्रिया आहे. दुकानातून किट आणून बसवलं म्हणजे ती झाली असं नाही.

हिचच्या चौकोनी नळीवरही, म्हणजे रिसीव्हरवर, एक पट्टी असते. तिच्यावर बऱ्याचदा दोन जोड्या आकडे असतात: साध्या बॉलसाठी कमी आणि वजन वाटणाऱ्या हिचसाठी जास्त. जड कॅम्परच्या बाबतीत साध्या बॉलचा आकडा बहुधा अपुरा पडतो.

आता काटा. गाडी प्रवासाला निघताना असते तशी भरा: टाकी पूर्ण, माणसं बसलेली, कॅम्परमध्ये नेहमीचं सामान आणि नेहमी नेता तेवढं पाणी. मग तीन वेळा वजन घ्या, दर वेळी पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा: एकटा पिकअप, कॅम्पर जोडून पण हिचचे बार (वजन वाटणाऱ्या हिचच्या ताणाच्या दांड्या) न लावता, आणि बार लावून. दुसऱ्या वजनातून पिकअपच्या दोन्ही अ‍ॅक्सलांची बेरीज घ्या, त्यातून पहिल्याची वजा करा; उरलं ते हिचवरचं खरं वजन.

घरी मोजायच्या गोष्टी: चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या काठापर्यंतची उंची, चारही कोपऱ्यांत, मिलीमीटरमध्ये. जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा आणि फरशीचा उतार त्यात मिसळतो. हे आकडे टेपवर लिहून कमानीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवले तर पुढे प्रत्येक वेळी उपयोगी पडतात.

किती स्प्रिंग लागेल, ते आकड्यांत

समजा हिचवर 400 किलो आहेत. पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) 3.7 मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉलपर्यंतचं अंतर 1.25 मीटर. बॉल अ‍ॅक्सलच्या मागे असल्यामुळे तरफ होते: 400 × 1.25 ÷ 3.7, म्हणजे साधारण 135 किलो पुढच्या अ‍ॅक्सलवरून उचलले जातात. ते कुठे नाहीसे होत नाहीत, मागच्या अ‍ॅक्सलवर येऊन बसतात. मागे 400 नाही, 535 किलो वाढले. या वजनाने मागची बाजू 80 मिमी बसली असेल, तर दोन्ही बाजूंच्या मूळ स्प्रिंगांचा मिळून कडकपणा मिलीमीटरला सुमारे 6.7 किलो. बैठक, म्हणजे मागची बाजू किती बसली ते माप, 45 मिमीवर आणायची म्हटली तर 11.9 लागतो. म्हणजे बाहेरून 5.2 किलो प्रति मिमी घालावे लागतील, प्रत्येक बाजूला 2.6.

आता हाच हिशेब हिचचे बार ताणून करा. कॅम्परच्या अ‍ॅक्सलचा मध्य बॉलपासून 5 मीटरवर आहे असं धरू. बार इतके ताणले की पुढून गेलेल्या 135 पैकी अर्धं, 67 किलो, परत पुढे आलं. तर त्याच ताणाने सुमारे 40 किलो कॅम्परच्या चाकांवर जातात. मागच्या अ‍ॅक्सलवरची वाढ 535 वरून 428 च्या आसपास येते आणि बैठक काहीही न बदलता 80 वरून 64 मिमी होते. आता 45 मिमीसाठी बाहेरून फक्त 2.8 किलो प्रति मिमी लागतात, म्हणजे आधीच्या निम्म्याच्या जवळपास. हिच नीट लावण्याआधीच स्प्रिंग घेतली की दुप्पट कडक किट घेतलं जातं, ते यामुळे. मग रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात उडते आणि दोष किटला दिला जातो.

मूळ पाट्यांमध्ये खाली जाडजूड ओव्हरलोड पाटा असेल तर कडकपणा एकसारखा राहत नाही. तो पाटा टेकल्यावर एकदम वाढतो. अशा गाडीत शेवटच्या 100-150 किलोंनी किती बसली ते वेगळं मोजा आणि तो आकडा धरा. बैठक शून्यावर आणायचा हट्टही नको. बहुतेक पिकअप रिकामे असताना मागे मुद्दाम थोडे उंच ठेवलेले असतात, ते भार घेऊन खाली यावेत म्हणूनच.

कोणता मार्ग निवडावा

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कॅम्पर जोडणार आणि एरवी गाडी रिकामी चालणार असेल तर एअरबॅग सर्वांत सोयीच्या: भार असेल तेव्हा हवा भरा, नसेल तेव्हा किमान दाबावर आणा. हौद्यात कायम हत्यारं, टाकी, छत असा बोजा असेल आणि वर कॅम्परही ओढायचा असेल तर पाट्यांचंच काम करणं बरं, कारण तो भार रोजचा आहे. यात दोन पर्याय आहेत: आहे त्या गठ्ठ्यात एक जादा पाटा घालणं, किंवा गाडी जुनी असून पाटे सपाट झाले असतील तर अख्खा गठ्ठा बदलणं. थकलेल्या पाट्यांत नवा पाटा घातला की सगळा ताण त्या एकट्यावर येतो आणि तोही लवकर बसतो. भार न घालताही मुख्य पाटा सरळ रेषेत दिसत असेल तर जादा पाट्याचा खर्च वाया जातो.

तिसरा मार्ग रबराचा किंवा फेसाळ पॉलियुरेथेनचा. मूळ बंप स्टॉप (खड्ड्यात चासीवर थेट आदळ बसू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) काढून त्या जागी जाड, पोकळ रबरी स्प्रिंग बसते. ना हवा, ना नळी, ना गळती, आणि तासाभरात काम होतं. रिकाम्या गाडीत ती अ‍ॅक्सलला टेकतही नाही, त्यामुळे रोजच्या चालीत फरक पडत नाही. मात्र ती जुळवून घेता येत नाही. अ‍ॅक्सलपर्यंतची फट किटच्या कागदात दिलीय तेवढीच हवी. कमी असेल तर रिकामी गाडी आदळते, जास्त असेल तर स्प्रिंग कामाला लागेपर्यंत गाडी बसून गेलेली असते. हलक्या-मध्यम गरजेला, वरच्या उदाहरणातल्यासारख्या, हा मार्ग बऱ्याचदा पुरतो आणि लोक त्याला उगाच कमी लेखतात.

मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या पिकअपमध्ये स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या लहान बॅग मिळतात. त्यांचा दाब मोठ्या बॅगांपेक्षा खूप कमी असतो. एअर लिफ्ट कंपनीच्या 1000 मालिकेसारख्या बॅगांना कमाल 35 पीएसआय, तर पाट्यांवर बसणाऱ्या मोठ्या बॅगांना सहसा 100. पेट्रोल पंपावरच्या मोठ्या कॉम्प्रेसरने या लहान बॅगा सेकंदात फुटतात, म्हणून त्या हातपंपाने भराव्यात. कारखान्यातूनच हवेचं किंवा आपोआप समतल होणारं सस्पेन्शन असेल तर त्यात काहीही वरून घालू नका. सेन्सर उंची पाहून हवा सोडत राहतो आणि दोन्ही एकमेकांविरुद्ध भांडतात.

अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळे ठेवून गाडी उचलणं हा उपाय नव्हे. ठोकळ्याने गाडी उंच दिसते, पण स्प्रिंगचा कडकपणा तसूभरही वाढत नाही. उलट अ‍ॅक्सलला पिळायला लांब हात मिळतो आणि चढावर जोर लावताना पाटे एस आकारात वाकतात. एकावर एक ठोकळे तर कधीच नकोत. शॉकअब्सॉर्बर बदलूनही गाडी उचलली जात नाही. साधा शॉकअब्सॉर्बर वजन पेलत नाही, हालचाल शमवतो.

चासी वाकते ती कशी

एअरबॅगबद्दल ही एक गोष्ट खोलात समजून घ्यायला हवी. पाटे चासीला दोन ठिकाणी धरलेले असतात: पुढे पाट्याच्या टोकाच्या डोळ्याजवळच्या ब्रॅकेटला आणि मागे शॅकलला, म्हणजे हलत्या कडीला. या दोन जागांत मीटरभराहून जास्त अंतर असतं आणि भार त्या दोन्हींवर वाटला जातो. एअरबॅग अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, चासीच्या एकाच बिंदूला खालून रेटते. बॅगेत जितकी हवा जास्त, तितका पाट्यांवरचा भार कमी आणि त्या एका बिंदूवरचा जास्त. मागे बॉलवर कॅम्पर खाली ओढतोय, पुढे केबिन आणि इंजिनचं वजन आहे, आणि मध्ये हा टेकू. गुडघ्यावर धरून काठी मोडावी तसा चासीवर जोर येतो. खड्ड्यात हा जोर काही पट होतो. डबल केबिनच्या मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये, जिथे हौद्याचा बराच भाग अ‍ॅक्सलच्या मागे जातो, केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीखाली चासी वाकल्याची उदाहरणं यामुळेच घडतात.

उपाय साधा आहे. बॅगेने गाडी कधीही रिकाम्या उंचीच्या वर नेऊ नका. त्याच्याही 30-40 मिमी खाली थांबा, म्हणजे पाट्यांना त्यांचा वाटा उचलावा लागतो. हौद्यातलं जड सामान अ‍ॅक्सलच्या पुढे, केबिनला चिकटून ठेवा. मागच्या बंपरला जादा चाक, जनरेटर, पाण्याचे कॅन टांगू नका. हौदा आणि केबिन यांमधली फट वर आणि खाली मोजून ठेवा. वरची फट जास्त आणि खालची कमी व्हायला लागली, तर चासीची मागची बाजू खाली वाकतेय. गाडी उभी करा.

एअरबॅग बसवताना

सपाट, कडक जमीन. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडसर. चासीखाली दोन घोडे (आधाराचे स्टँड), आणि अ‍ॅक्सलखाली ट्रॉली जॅक, म्हणजे अ‍ॅक्सल हवा तेवढा वर-खाली करता येतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही. अ‍ॅक्सल लोंबकळू देताना ब्रेकची रबरी नळी, एबीएसची तार आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना हे आधी पाहा.

मूळ बंप स्टॉप काढा. बहुतेक किटमधला वरचा ब्रॅकेट त्याच छिद्रांवर बसतो. खालचा ब्रॅकेट अ‍ॅक्सलच्या नळीला किंवा पाट्यांच्या गठ्ठ्यावर आवळला जातो. त्याच्याखाली ब्रेकचा धातूचा पाइप चेपला जाणं ही या कामातली सगळ्यात घातक चूक आहे. ब्रॅकेट आवळण्याआधी पाइपवरून बोट फिरवून पाहा, आणि आवळल्यावर पुन्हा.

हवेचा फिटिंग बॅगेत हाताने घट्ट करून मग पान्याने दीड फेरा द्या. धाग्यांवर कारखान्यातूनच सीलंट असेल तर वर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. बॅग बसल्यावर वरची आणि खालची तबकडी एकमेकींच्या रेषेत हवी. तिरकी बसलेली बॅग एका बाजूने घडी पडून तिथेच चिरते. फुगवल्यावर बॅगेच्या सर्व बाजूंनी किमान 25 मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे: टायर, शॉकअब्सॉर्बर, चासीची कड, सगळ्यांपासून. सायलेन्सरचा पाइप ज्या बाजूने जातो तिथे किटमधला उष्णतारोधक पत्रा लावायचाच. हवेची नळी सायलेन्सरपासून 150 मिमी दूर ठेवा.

नळी कापायला धारदार ब्लेड वापरा आणि बरोबर काटकोनात कापा. पकडीने कापली की नळी लंबगोल चेपते, आणि फिटिंगच्या आतली रबरी रिंग तिच्यावर नीट बसत नाही. नव्या किटमध्ये हवा गळत असेल तर बऱ्याचदा कारण हेच असतं. कापलेल्या टोकापासून 14 मिमीवर पेनाने खूण करा आणि ती खूण फिटिंगमध्ये जाईपर्यंत नळी रेटा. मग हलकीशी मागे ओढून पकड बसली का पाहा. दोन्ही बॅगांना वेगवेगळ्या नळ्या आणि वेगळे व्हॉल्व्ह द्या. टी जोडून एकच नळी केली तर वळणात दाबल्या गेलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलंडते. शिवाय कॅम्परमध्ये एका बाजूला स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी असेल तर डावी-उजवी वेगळी जुळवता यायला हवी.

गाडी चाकांवर उतरवण्याआधी दोन्ही बॅगांत थोडी हवा भरा. हवा नसलेली बॅग दाबली गेली की रबर तबकडीत चिमटतं. मग 60-70 पीएसआयपर्यंत नेऊन, लहान बॅग असतील तर त्यांच्या मर्यादेतच, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे नसतील तरी 24 तासांनी पुन्हा मोजा. दोन-चार पीएसआय उतरणं चालतं. गेज लावताना थोडी हवा जाते आणि रात्री गारव्यानेही दाब कमी दिसतो. त्याहून जास्त उतरला तर जोड पुन्हा करा. पुढे गाडी रिकामी असतानाही 5 पीएसआयच्या खाली कधी नेऊ नका, आणि चासीला जॅक लावून मागची बाजू उचलायची असेल तेव्हा आधी दाब किमानावर आणा, नाहीतर लोंबणारा अ‍ॅक्सल बॅगेला ताणून तोडू शकतो.

जादा पाटा घालताना

पाटे जागेवर बांधून ठेवणाऱ्या यू-बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नवे यू-बोल्ट, नवे नट आणि नवा सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) आधीच आणून ठेवा. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, ते परत आवळले तरी पकड धरत नाहीत. एका वेळी एकच बाजू खोला. दोन्ही बाजू सुट्या केल्या की अ‍ॅक्सल फिरतो आणि जागेवर आणताना हैराण करतो.

चासी घोड्यांवर, अ‍ॅक्सल जॅकवर, चाक काढलेलं, शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट सोडवलेला. यू-बोल्ट काढून अ‍ॅक्सल थोडा खाली घ्या. आता पाट्यांच्या गठ्ठ्यावर सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक भक्कम सी-क्लॅम्प लावा, आणि मगच सेंटर बोल्ट सोडवा. क्लॅम्पशिवाय तो सोडवला तर दबलेले पाटे झटक्यात उघडतात आणि समोर असलेला हात किंवा चेहरा वाचत नाही. क्लॅम्प दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा.

पाटे वायर ब्रशने साफ करा. नवा पाटा त्याच्या लांबीप्रमाणे उतरत्या क्रमात घाला: त्याच्याहून लांब वर, त्याच्याहून आखूड खाली. सपाट ओव्हरलोड पाटा असेल तर नवा पाटा त्याच्या वर येतो. छिद्रांतून एक बारीक सळई किंवा लांब बोल्ट घालून पाटे एका रेषेत धरा, क्लॅम्पने दाबा, मग नवा सेंटर बोल्ट घालून आवळा आणि जादा धागे कापा. पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसत असतील तर बोल्टचं डोकं खाली येतं, कारण तेच अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या छिद्रात बसायचं असतं.

ते डोकं छिद्रात पूर्ण उतरलंय याची खात्री करूनच यू-बोल्ट घाला. ते कडेवर टेकलेलं असताना यू-बोल्ट आवळले तर सगळं घट्ट वाटतं, पण अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी रस्त्यावर तिरपी चालते. यू-बोल्टचे चारही नट कर्णरेषेत, तीन-चार टप्प्यांत आवळा, आणि शेवटचा ताण गाडी चाकांवर उतरवल्यावर टॉर्क पान्याने, त्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर द्या. हवेच्या गनने शेवटचा ताण देऊ नका. पाट्याच्या डोळ्यांतले आणि शॅकलचे बोल्ट सैल केले असतील तर तेही गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करायचे. हवेत लटकत असताना घट्ट केले तर रबरी बुश त्या स्थितीत पकडले जातात, गाडी खाली आली की कायम पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात.

काम झाल्यावर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. आधी मोजून ठेवलं असेल तर उत्तमच. दोन्हींतला फरक आधीपेक्षा वाढला असेल तर सेंटर बोल्ट बसलेला नाही.

मागची बाजू 25 मिमीहून जास्त उचलली गेली तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, कोन बदलतो. ठरावीक वेगात खालून घरघर आली, गिअर बदलूनही ती त्याच वेगाला येत राहिली, तर कारण तेच. पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचरीसारख्या पट्ट्या घालून कोन दुरुस्त होतो. त्या पोलादीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या भाराखाली चुरतात आणि यू-बोल्ट सैल पडतात.

काही साध्या किंवा जुन्या पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका ब्रेक व्हॉल्व्हला दांडी जोडलेली असते. गाडी किती बसली यावरून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. आपण मागची बाजू उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीला मागून कमी ब्रेक मिळतो. दांडीचा ब्रॅकेट तेवढाच वर घेऊन हे दुरुस्त करावं लागतं, नवीन बॅग असोत की पाटे. याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

बाकीचं थोडक्यात

स्प्रिंग कडक केली की जुने शॉकअब्सॉर्बर तिला परत उघडताना आवरू शकत नाहीत. गतिरोधकावरून गेल्यावर मागची बाजू एकदा बसून थांबण्याऐवजी दोन-तीनदा डोलत असेल, तर भारासाठी बनवलेले शॉकअब्सॉर्बर घ्या. गाडी उंच झाली असेल तर पूर्ण उघडल्यावरची त्यांची लांबीही तपासा. मागचा अँटी-रोल बार उंच कॅम्परसोबत डावं-उजवं डोलणं कमी करतो, पण तो वजन पेलत नाही.

टायरवरचा भारांक वाचा: 115 म्हणजे 1215 किलो, 121 म्हणजे 1450 किलो, तेही टायर थंड असताना त्या भारासाठीचा पूर्ण दाब भरलेला असेल तरच. कार टाइपचे टायर पिकअपवर असतील तर त्यांची क्षमता 1.1 ने भागून धरायची. मऊ बाजूच्या टायरवर कितीही चांगलं सस्पेन्शन असलं तरी मागून गाडी हलत राहते.

कॅम्परच झोके घेत असेल तर पिकअपच्या स्प्रिंगांत उत्तर शोधू नका. सामान मागच्या टोकाला भरलं की कॅम्पर उलाळ होतो, हिचवरचा भार 10 टक्क्यांच्या खाली जातो आणि झोके तिथून सुरू होतात. आधी सामान पुढे घ्या.

फिफ्थ व्हील, म्हणजे बॉलऐवजी हौद्यातल्या हिचवर पिनने जोडायच्या, कॅम्परची गोष्ट वेगळी. त्याची पिन अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे असते, त्यामुळे पुढची चाकं हलकी होत नाहीत, पण कॅम्परच्या वजनाचा 15 ते 25 टक्के भार थेट मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. इथे वजन वाटणारे बार नसतात. सगळं मागच्या स्प्रिंगांनी आणि टायरांनी पेलायचं. अशा कामाला बॅगांपेक्षा पाट्यांचा भक्कम गठ्ठा आणि अ‍ॅक्सलची पुरेशी मर्यादा आधी पाहावी.

कॅम्पर जोडून जुळवणी

1. सपाट जागेवर, गाडी आणि कॅम्पर प्रवासाइतके भरलेले, टायर थंड, बॅग किमान दाबावर. चारही कमानींची उंची लिहा.
2. बार न लावता कॅम्पर जोडा आणि पुन्हा मोजा. समजा पुढची बाजू 24 मिमी वर गेली.
3. बार लावा. पुढून गेलेलं वजन अर्धं परत आणायचं की पूर्ण, हे गाडीच्या पुस्तकात असतं. अर्धं असेल तर पुढची कमान 12 मिमी खाली आली पाहिजे. कमी पडलं तर बारच्या साखळीची एक कडी वर घ्या किंवा हिचच्या डोक्याचा कल वाढवा.
4. आता बॅगेत थोडी थोडी हवा, एका वेळी 5 पीएसआय, कॅम्पर समतल किंवा पुढे किंचित झुकलेला होईपर्यंत. तो नाक वर करून चालता कामा नये. त्याने हिचवरचा भार घटतो.
5. पुढची कमान परत मोजा.

पाचवी पायरी गाळू नका. बार अडकवताना आपण जॅकने हिच वर उचलतो, कारण हिच वर गेली की बार सैल पडतात. बॅगेत हवा भरली की हिच तशीच वर जाते आणि बारमधला ताण तसाच कमी होतो. म्हणजे मागची बाजू छान समतल दिसत असताना पुढच्या चाकांवरचं वजन पुन्हा निसटत असतं. पुढची कमान 12 वरून 18 मिमीवर गेलेली दिसली तर हवा कमी करा किंवा बार आणखी एक कडी ताणा. हे दोन-तीनदा मागे-पुढे करावं लागतं. शेवटी मिळालेला दाब आणि कडीचा आकडा लिहून ठेवा, आणि पुन्हा काट्यावर जाऊन तिन्ही अ‍ॅक्सल गटांचं वजन मर्यादेत आहे का ते तपासा. भारासह गाडी उभी असतानाच दिव्यांची दिशा भिंतीवर पाहून जुळवा.

यू-बोल्ट आणि ब्रॅकेटचे नट 80 किलोमीटरनंतर आणि पुन्हा 800 किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने तपासा. पाटे एकमेकांवर बसतात तसा ताण उतरतो. त्यानंतर दर लांब प्रवासाआधी बॅगेच्या घड्यांत अडकलेले खडे आणि चिखल पाण्याने धुवा. एकाच बॅगेचा दाब वारंवार उतरत असेल तर बॅग बदलण्याआधी नळीचं टोक काढून 10 मिमी नव्याने सरळ कापा आणि पुन्हा बसवा. वळताना किंवा गतिरोधकावर मागून टकटक आवाज येत असेल तर आधी खालच्या ब्रॅकेटचे नट, मग शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट, मग शॅकलचे बुश, या क्रमाने पाहा. आणि यू-बोल्टच्या नटाखाली गंजाची ताजी, तांबूस पूड दिसली तर तो नट सैल पडलाय. कॅम्पर सोडवूनच गाडी पुढे हलवा.